दिव्याची मान

उत्तरेतल्या डोंगराळ भागात आमची पोस्टिंग होती. मी हवालदार, सेक्शन कमांडर, म्हणजे एका छोट्या तुकडीचा प्रमुख. गाव फोंडाघाट, घरी भात आणि काजू. माझा पहिला स्काउट, म्हणजे गस्तीत सर्वांच्या पुढे चालणारा जवान, नाईक दिगंबर तांडेल, आमचा दिगू. आरोंद्याचा. वडील खाडीतून होडी बाहेर काढून मासेमारी करणारे. कंपनीत मालवणी बोलणारे आम्ही दोघेच. चहाच्या वेळी आमचं बोलणं कुणाला कळत नसे आणि त्याचा आम्हाला माज होता.

रायफलींवर नेम धरायच्या नव्या साइट बसवायच्या होत्या. जुन्या लोखंडी साइटमध्ये मागचं भोक, पुढचं टोक आणि टार्गेट एका रेषेत आणावं लागतं. रेड डॉटमध्ये काचेत नुसता लाल ठिपका दिसतो. तो टार्गेटवर ठेवायचा आणि ट्रिगर दाबायचा. हत्यारं सांभाळणाऱ्या आर्मररने टेबलावर दोन प्रकार मांडले होते, रेड डॉट आणि काचेत फुली कोरलेली प्रिझम साइट. प्रिझम जड, त्यात डोळा नेमक्या अंतरावर धरावा लागतो. पुढे चालणाऱ्याला तेवढी सवड नसते. दिगूने रेड डॉट उचलली. मीही तीच उचलली असती.

रेंजवर त्याने स्वतःची साइट झिरो केली, म्हणजे नेम आणि गोळी एका जागी जुळवून घेतली. सगळ्या गोळ्या तळहाताखाली झाकतील इतक्या जवळ. कसं जमवतोस, मी विचारलं.

"दिव्याची मान धरूची, दादा. शेपटेक भुलाचा नाय."

संध्याकाळी होडी आत आणताना काठावरच्या दिव्याला खाली शेपूट दिसतं. वरची जाड बाजू ती मान. होडीचं नाक तिच्यावर धरायचं, असं वडिलांनी त्याला शिकवलं होतं. मी हसलो. दर्यावरच्या लोकांची बोलण्याची रीत असेल, असं वाटलं. मला ठिपका गोल दिसत होता. दिगूला तो वेगळा दिसत असेल हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं. डॉक्टरच्या तक्त्यावरची अक्षरं तो घडाघडा वाचायचा.

पुढच्या गस्तीत दुपारी नाल्यापलीकडून फायर आलं. दिगू सर्वांत पुढे होता. आडोसा एकच, देवदाराचा पडलेला ओंडका. त्याच्याखालच्या फटीतून नेम धरायचा तर कुशीवर आडवं व्हावं लागत होतं. तो आडवा झाला. पहिली गोळी खडकावर बसली. दुसरीही. एवढ्या अंतरावर दिगू चुकत नाही, हे सेक्शनमधल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

"मान फिरली, दादा," तो ओरडला. "मान खंय गेली?"

तेवढ्यात समोरून आलेली गोळी त्याच्या गळ्याखाली लागली.

मी रेडिओ उचलून जखमीला न्यायला माणसं मागितली. "कॉन्टॅक्ट. स्काउट को लगी है. इव्हॅक भेजो. ओव्हर."

"रास्ता बंद है. वेट. आउट," पलीकडून उत्तर आलं.

आम्ही वाट पाहिली. स्ट्रेचर आलं तेव्हा दिगू संपला होता. मला रडू आलं नाही. संताप आला, आणि तो अजून गेलेला नाही.

आर्मररने त्याची साइट तपासली. ती ठीक होती. मी त्याला मान आणि शेपटीचं सांगितलं, तशी त्याने हातातली साइट टेबलावर ठेवली. बुबुळाची गोलाई सगळीकडे सारखी नसली की असं दिसतं, तो म्हणाला. अस्टिग्मॅटिझम. शेपूट साइटमध्ये नसतं, डोळ्यात असतं. डोकं कललं की तेही कलतं. दिगूने सरळ डोक्याने झिरो केलं होतं. कुशीवर झाल्यावर रायफल सरळच राहिली, डोकं आडवं झालं, आणि ठिपक्याची मान भलतीकडे गेली.

मोबाइलने ठिपक्याचा फोटो काढला असता तरी उलगडा झाला असता. फोटोत गोल आणि डोळ्याला लांबट, तर दोष डोळ्याचा. मग ठिपक्याचा उजेड कमी करता येतो. जुन्या लोखंडी साइटच्या मागच्या बारीक भोकातून बघितलं तर शेपूट आखडतं. नंबरचा चष्मा आहे, प्रिझम आहे. पण ज्याला जन्मापासून दिव्याला शेपूट दिसतं, तो तक्रार कसली करणार?

निवृत्त झाल्यावर मी आरोंद्याला गेलो. दिगूच्या वडिलांना सगळे आबा म्हणतात. मी त्यांना हे समजावलं, तर ते माझ्याकडेच कीव केल्यासारखे बघत राहिले. दिव्याला शेपूट असतंच, त्यात काय सांगायचं, असं त्यांचं म्हणणं. मी त्यांना सावंतवाडीला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. चष्मा तयार झाल्यावर दुकानातल्या बल्बकडे ते बराच वेळ पाहत होते.

"गोल आसा," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "दिगूक कधीच असो दिसाक नाय?"

"नाय, आबा."

त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि खिशात टाकला. घरी आल्यावर दिगूच्या वर्दीतल्या फोटोपुढे ठेवला. मी म्हटलं, आबा, घाला, समुद्रावर जाता.

"तेच्याकडेच ऱ्हवांदे, झिला. तेका बघांदे."

चष्मा अजून तिथेच आहे. आबा संध्याकाळी दिव्याची मान धरूनच होडी आत घेतात.