धुतलेला डबा

"आधी आयक, मगे हात लाव."

असं म्हणून मेस्त्री डावा हात वर करायचे आणि अंगणात जो कोणी बोलत असेल तो गप्प व्हायचा. मग हातभर लाकडी दांड्याचं एक टोक चालू इंजिनाला लावायचे, दुसरं कानाला, आणि डोळे मिटायचे. पूजेला बसल्यासारखे. आम्ही त्यांच्या तोंडाकडे बघत उभे. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, यंत्राचं दुखणं आधी त्यांच्या तोंडावर दिसतं.

गाडी मामंजींची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची. डिझेलवर चालणारी, मागे उघडा हौदा असलेली लहान गाडी, दुसऱ्याने वापरून विकलेली. हंगामात आंबे आणि एरवी काजू, सुके मासे घेऊन ती सावंतवाडीच्या बाजाराला जायची. चालवणारे मेस्त्री आणि दुरुस्त करणारेही तेच. साठ सालच्या आसपास मालवणकडच्या आमच्या गावात डिझेलचं इंजिन उघडणारा दुसरा माणूस नव्हता.

धूर बघून ते रोग सांगायचे. "काळो धूर म्हणजे हिणां जास्ती खाल्ल्यान. पांढरो म्हणजे पचूक नाय. निळो म्हणजे चोरून तेल पिता." मग पडवीत विडी ओढणाऱ्या मामंजींकडे बघून हळूच, "मालकांचो पण धूर निळोच दिसता."

"गप रे, गाडी बघ," मामंजी म्हणायचे, पण हसायचे.

कधी गाडी आचके द्यायची. डिझेलच्या नळीत हवा शिरली की असं होतं. "वयनी, जरा पंप मारशात? हिका उचकी लागली." मी पदर खोचून इंजिनाजवळचा छोटा पंप अंगठ्याने दाबायची. मेस्त्री वरचा स्क्रू सैल करून बघत राहायचे. आधी फेस यायचा, मग बुडबुडे, मग नुसती सरळ धार. "बस!" स्क्रू घट्ट. एकदा ते मामंजींना म्हणाले, "मालकानू, ह्या हातांका नुसत्या भाकऱ्या कित्याक भाजूक लावतास?" मी लाजून आत पळाले. पण तो दिवस मला अजून आठवतो. त्या घरात माझ्या हातांचं नाव त्यापूर्वी कोणी काढलं नव्हतं.

अंगणाच्या कडेला मांगरात, म्हणजे सामानाच्या खोपीत, डिझेलचं पिंप असायचं. त्यातून लांब चोचीच्या डब्यात डिझेल घ्यायचं आणि डब्यातून गाडीच्या टाकीत ओतायचं. डब्यात घेताना ते धोतराच्या फडक्यातून गाळायचे. काम झालं की डबा खुंटीवर पालथा. तो कधी पाण्याने धुवायचे नाहीत. "हिका पाण्याचो थेंब सोसना नाय," असं त्यांनी माझ्यादेखत कितीदा तरी सांगितलं होतं. म्हणजे मला माहीत नव्हतं असं मला म्हणता येणार नाही.

धाकट्या नणंदेचं लग्न ठरलं. पाहुणे येणार म्हणून मी घरातलं भांडं न् भांडं घासत होते. मांगरात गेले तर तो काळाकुट्ट, तेलकट डबा दिसला. वाटलं, हाही चकचकीत करावा, मेस्त्री खूश होतील. राखेने आणि नारळाच्या सोडणाने घासला, वास जावा म्हणून पाणी भरून ठेवला. तेवढ्यात सासूबाईंनी हाक मारली. घाईत पाणी ओतलं आणि डबा तसाच उभा खुंटीखाली ठेवून पळाले. चोचीच्या डब्यातलं सगळं पाणी एका ओतण्यात निघत नाही, हे तेव्हा डोक्यात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे आंब्याच्या पेट्या भरून झाल्या होत्या. मामंजी घाई करत होते. मेस्त्रींनी मांगराच्या अंधारातच डिझेल भरलं आणि निघाले.

गाडी सावंतवाडीच्या अलीकडे चढावावर बंद पडली. मेस्त्री खोलत, पुसत, हवा काढत राहिले, ती चार पावलं चालायची आणि पुन्हा थांबायची. तिसऱ्या दिवशी परत आली तेव्हा आंब्यांचा आंबूस वास तिच्या आधी अंगणात आला.

मेस्त्रींनी सगळ्यांसमोर फिल्टरची काचेची वाटी काढली. वर डिझेल, खाली पाणी.

"डिझेल खंय इकलंस?" मामंजी ओरडले. "इकलंस आणि पाणी भरलंस!"

"नाय मालक. इकूक नाय."

"मगे पाणी खंयसून इलां? देवान घातल्यान?"

मेस्त्रींनी वाटीत बोट घातलं. बोटावर राखाडी गाळ आला आणि त्यात सोडणाचा एक तांबूस केस. त्यांनी मांगराकडे पाहिलं. तिथे डबा चकाकत होता. मग स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. तिथे मी होते. त्यांनी बोट आपल्या खाकी चड्डीला पुसलं.

"माझी चूक, मालक. भरताना बघूक होया होतां."

"चूक नाय, चोरी म्हण!"

मामंजींसमोर मी बोलत नसे, हे खरं. पण एकदा गोठ्यात साप निघाला तेव्हा मी त्यांच्या तोंडावर ओरडले होते. म्हणजे मला आवाज होता.

मेस्त्रींनी पाने, स्क्रू-ड्रायव्हर पायरीवर मांडून ठेवले. लाकडी दांडा तेवढा स्वतःचा म्हणून घेतला. मग म्हणाले, "वयनी, तांब्याभर पाणी दिशात?"

मी पाणी दिलं. ते फार सावकाश प्याले. मधे मधे थांबत. डोळे मिटलेले, इंजिनाला दांडा लावल्यावर मिटायचे तसे. त्यांनी रिकामा तांब्या पायरीवर पालथा ठेवला आणि गेले.

पाणी घालणारा म्हणून त्यांचं नाव झालं. पुढे कोणी त्यांच्या हाती गाडी दिली नाही. इन्सुलीला सायकली दुरुस्त करतात, असं ऐकलं. यजमान मुंबईला नोकरीला होते. चौथीपर्यंत शिकलेली मी त्यांना दर पंधरा दिवसांनी पत्र लिहायची. नणंदेच्या लग्नातल्या साड्यांचे रंगसुद्धा कळवले. हे नाही कळवलं. मग मामंजी गेले. मेस्त्रीही गेले, ते मला बाजारात कोळणीकडून कळलं, मासे घेताना.

मामंजी, डबा मी धुतला होता.

एवढंच वाक्य होतं. ऐकायला मेस्त्री पायरीवर थांबले होते.