दादाचं पहिलं पाणी

दादा जाऊन महिना उलटला. भेटायला येणारे म्हणतात, "सुटला बिचारा, किती दिवस सुया टोचून घ्यायच्या?" सुटला नाही हो, घालवला त्याला! पनवेलच्या त्या डायलिसिस सेंटरबाहेर मी त्याचा डबा मांडीवर घेऊन बसले होते. आत जाता जाता तो वळून म्हणाला, "बाय, आज तरी कालवनात मीठ टाकलंस का नाय?" मी म्हटलं, "आधी बाहेर तर ये." तो आत गेला, पडदा पडला आणि पाच मिनिटांत आत पळापळ सुरू झाली... डबा तसाच घरी आला.

आम्ही गव्हाणचे, मिठागरवाले. मिठात वाढलेला माणूस किडन्या गेल्यावर अळणी जेवायला लागला, पण जिभेची चव काही गेली नाही. तळोज्याला कारखान्याच्या गेटसमोर त्याची चहाची टपरी होती. तिथे त्याचा एक नेम होता. नवं पातेलं आणलं की घासायचं, त्यात पाणी खळखळून उकळायचं आणि ते सगळं गटारात ओतून द्यायचं. शिफ्ट सुटून गिऱ्हाईक कितीही खोळंबो. वहिनी करवादायची, तर म्हणायचा, "पॉलिशचा वास हाय त्यात. पयलं पानी गिऱ्हाईकाला द्यायचं नाय." आणि गिऱ्हाईकं थांबायची, कारण चहाही तसाच असायचा.

डायलिसिसचा फिल्टर म्हणजे केसासारख्या पोकळ धाग्यांनी भरलेली नळी. त्या धाग्यांच्या पडद्यातून रक्त गाळून परत अंगात येतं. कारखान्यात तो निर्जंतुक करतात, कुणी वाफेने, कुणी किरणांनी, कुणी गॅसने. गॅसवाल्यात थोडा गॅस अडकून राहतो, म्हणून लावायच्या आधी सलाइन सोडून तो भरपूर धुवायचा असतो. दादाला नवा फिल्टर लागला की लगेच अंगभर खाज सुटायची, छाती आवळून यायची. तोच फिल्टर धुऊन पुढच्या वेळी लावला की काही नाही. मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांनी हे बरोबर ओळखलं आणि सेंटरला फोन करून बजावलं, "यांना गॅसवाला सोसत नाही, वाफेवालाच लावा."

सेंटरचा मॅनेजर मात्र दादाला म्हणाला, "काका, सगळे फिल्टर स्टराइलच असतात. मनाचे खेळ आहेत हे."

दादा म्हणाला, "जंतू मेले, मान्य. पन ज्या गॅसनं मारले, तो गॅस कुटं गेला?"

मॅनेजर हसला. ते हसू माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

त्या दिवशी वाफेवाले फिल्टर संपले होते. गॅसवाला काढला, आणि पेशंटची पुढची बॅच बाहेर ताटकळत होती म्हणून धुण्याचंही उरकून टाकलं. तिथली टेक्निशियन मुलगी माझ्या गळ्यात पडून रडली, "मावशी, मी म्हटलं होतं, अजून सलाइन सोडू द्या... मॅनेजर सर म्हणाले, लाव." आणि सर घरी येऊन काय म्हणाले? देवाची मर्जी! मी म्हटलं, देवाला मध्ये आणू नका, फिल्टर देवाने लावला नव्हता.

तक्रार केली आहे, ती चालेल तिच्या गतीने. तोवर मी रोज त्या सेंटरच्या बाकावर जाऊन बसते. येईल त्या पेशंटच्या माणसाला सांगते, विचारा आत, फिल्टर गॅसवाला की वाफेवाला? धुतला का? तुमच्यासमोर धुवा म्हणावं. मॅनेजर म्हणाला, "मावशी, पेशंट घाबरतात." म्हटलं, घाबरू देत, माझा भाऊ घाबरला नाही म्हणून गेला. आता तिथे फिल्टर सगळ्यांदेखत धुतात. लोकांना वाटतं मी समाजसेवा करते. कसली समाजसेवा! मला त्या माणसाची झोप उडवायची आहे, बस्स. राग उतरलेला नाही, आणि उतरावा असं मला वाटतही नाही.

गेल्या आठवड्यात मॅनेजर टपरीवर आला. टपरी आता वहिनी चालवते, मीही तिथेच बसले होते. जुन्या पातेल्याचं बूड गेलं होतं, म्हणून त्याच सकाळी नवं आणलं होतं आणि त्यात पाणी उकळत होतं. तो बाकड्यावर बसला, घाम पुसला. "मावशी, झालं ते झालं. तक्रार मागे घ्या, आणि तिथे येऊन बसणंही आता पुरे करा."

मी उठले, पातेल्यातलं पाणी ग्लासात घेतलं आणि त्याच्यापुढे ठेवलं. त्याने ग्लास तोंडाजवळ नेला आणि थांबला.

"कसलं पाणी हे?"

"नव्या पातेल्यातलं. खळखळून उकळलंय, एक जंतू जिवंत नसेल. प्या, स्टराइल आहे."

त्याने ग्लास खाली ठेवला. "वास येतोय," अगदी हळू म्हणाला.

"मनाचे खेळ आहेत, साहेब."

तो उठून गेला, मागे वळून बघितलं नाही. वहिनीने पातेलं उचललं आणि दादा ओतायचा तिथेच, गटारात, रिकामं केलं. मग गिऱ्हाइकांसाठी दुसरं पाणी ठेवलं. मी पिशवी उचलली. सेंटरची दुपारची बॅच सुरू व्हायची होती.