सहा वाजून दोन मिनिटांचा थांबा

लोकांना वाटतं, कारखान्यात रोबो आले की किस्से संपले. तात्यापाऱ्यात, म्हणजे छत्तीसगढातल्या आमच्या मराठी वस्तीत, घरी चहाला येणारा प्रत्येक जण विचारतो, की तिथे माणसंच नाहीत तर तू दिवसभर बोलतेस कुणाशी? अहो, माणसं आहेत! माणसं आणि रोबो एका छपराखाली ठेवून बघा, किस्से ठेवायला जागा पुरत नाही. उरला औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या कारखान्यात विजेवर चालणाऱ्या गाड्या जोडतात आणि सकाळच्या पाळीची इन्चार्ज मी आहे, म्हणजे ऐकीव काही नाही.

*

पहिले मानकर काका. वीसेक वर्षं त्यांनी जवळच्याच एका रोलिंग मिलमध्ये वेल्डिंग केलं. आमच्याकडे वेल्डिंग रोबो करतात आणि काका छिन्नी-हातोडीने ठोकून जोड पक्का आहे का ते बघतात. मिलच्या गोंगाटात आयुष्य गेल्यामुळे त्यांची कुजबुजसुद्धा दुसऱ्या टोकाला ऐकू जाते.

पुण्याहून देवधर साहेब लाइन मॅनेजर म्हणून आले, त्या दिवशी काका माझ्या कानाशी लागून हळूच म्हणाले, "हा पुण्याचा पोट्टा किती दिवस टिकते, पाहू."

पन्नास पावलांवरून, मान वर न करता साहेब म्हणाले, "दोन वर्षांचा करार आहे, काका."

*

मग लता दीदी. आमच्याकडे एक ट्रॉली आपली आपण चालत बॅटरी घेऊन गाडीखाली जाते आणि ती वर उचलते. बोल्ट आवळून झाले का हे बघायला तिथे लता दीदी असते. नवी ट्रॉली आली आणि दुसऱ्याच दिवशी मध्येच उभी राहिली. साहेबांनी लॅपटॉप जोडला, वायरी तपासल्या, पुण्याला फोन लावला. शेवटी जमिनीवर बसले, तेव्हा त्यांना ट्रॉलीच्या पुढच्या कॅमेऱ्यासमोर लटकणारं लिंबू-मिरची दिसलं. समोर कुणी आलं की ट्रॉली थांबते. ती बिचारी लिंबाला वाट देत उभी होती!

लता दीदी म्हणाली, "लिमऊ तो नजर रोके बर आय साहेब, गाड़ी रोके बर नइ."

साहेबांना छत्तीसगढी येत नव्हती, पण हे समजलं: लिंबू नजर रोखायला आहे, गाडी रोखायला नाही. लिंबू मागच्या बाजूला बांधायची परवानगी मिळाली.

*

आता खरी गोष्ट. साहेबांना कॉम्प्युटरवर दिसलं, की लाइन रोज सकाळी सहा वाजून दोन मिनिटांनी थांबते. आधी त्यांनी विजेच्या दाबावर संशय घेतला. मला कारण माहीत होतं. काका छिन्नीला हात लावायच्या आधी चार नंबरच्या रोबोच्या पायथ्याला हात लावून नमस्कार करत. रोबोभोवती न दिसणाऱ्या किरणांचा पडदा असतो. त्यात हात गेला की लाइन आपोआप थांबते. मग मी रीसेट करायची, रोबो आधी आपल्या मूळ जागी जायचा, तिथे आपलं माप पुन्हा जुळवायचा आणि मग कामाला लागायचा.

यंत्रामुळे लाइन थांबली तर कॉम्प्युटर वेळेसोबत कारणही स्वतः नोंदवतो. माणसामुळे थांबली तर माझ्या वहीत वेळ, नाव आणि कारण लिहायचं. मी प्रामाणिकपणे लिहीत आले होते: 'मानकर, नमस्कार.' पानंच्या पानं. साहेबांनी ती सगळी वाचली.

*

साहेब नियमाचे पक्के. त्यांनी काकांना सरळ सांगितलं, की आणखी एकदा असं झालं तर तुमची बदली स्टोअरमध्ये. काकांच्या निवृत्तीला चौदा महिने उरले होते. स्टोअरमध्ये छिन्नी नाही, हातोडी नाही, नुसती खोकी. त्या दुपारी काकांनी डबा उघडला नाही. मला फार वाईट वाटलं, कारण पुरावा माझ्याच अक्षरात होता. मी म्हटलं, काका, लांबूनच करा ना नमस्कार.

"पोरी, मिलमधी आमचे दोघं गेले, मशीनले न विचारता हात घातला म्हणून. मी पाया नाही पडून राहिलो. विचारून राहिलो."

दुसऱ्या दिवसापासून काका रोबोभोवतीच्या पिवळ्या रेषेबाहेर, हात मागे बांधून उभे राहू लागले.

*

आणि त्याच आठवड्यात चार नंबर बिनसला. दुपारपर्यंत त्याचे जोड केसभर सरकायचे आणि काकांच्या छिन्नीखाली उघडे पडायचे. साहेबांनी प्रोग्रॅम तपासला, केबल बदलली, तरी तेच. मोठे साहेब लोक सोमवारी लाइन बघायला येणार होते, त्यामुळे देवधर साहेबांचं जेवणखाण सुटलं. रोबो रुसलाय, असं लता दीदी सगळ्यांना सांगत सुटली. साहेब म्हणाले, योगायोग. काकांनी पुढच्या जोडावर छिन्नी ठोकली, आणि ती दुसऱ्या टोकापर्यंत ऐकू गेली.

सोमवारी सकाळी सहा वाजून दोन मिनिटांनी लाइन थांबली.

सगळ्यांनी काकांकडे पाहिलं. काका पिवळ्या रेषेबाहेर होते, हात मागे. मग सगळ्यांनी चार नंबरकडे पाहिलं. तिथे देवधर साहेब वाकलेले होते, हेल्मेट काढून काखेत धरलेलं.

साहेब सरळ झाले. रीसेटचं बटण त्यांनीच दाबलं. चार नंबर आपल्या मूळ जागी गेला आणि कामाला लागला. मग साहेबांनी माझ्याकडून वही मागून घेतली. वेळ लिहिली, स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं. कारणाच्या रकान्यापाशी थांबले, काकांच्या नावापुढे मी लिहिलेली शेवटची नोंद वाचली आणि तिच्याखाली लिहिलं: 'वरीलप्रमाणे.'