बुवा आणि गप्प बसलेला डेटाबेस

बुवांना कुणी नाही म्हटलं की आनंद व्हायचा. परळच्या आमच्या ऑफिसात सर्व्हर आणि डेटाबेस यांचं बोलणं तुटलं की आम्ही बोंब मारायचो, "बुवा, कनेक्ट होत नाहीये." हातातला चहाचा कप खाली न ठेवता ते विचारायचे, "नाही म्हणतोय, की गप्प बसलाय?"

सुरुवातीला मला ही थट्टा वाटायची. आमचं ॲप एका क्लाउड सर्व्हरवर, त्याची सगळी माहिती दुसरीकडच्या डेटाबेसात, आणि ही दोन्ही यंत्रं कुठल्या मुलखात आहेत ते देवाला ठाऊक. मग हळूहळू कळलं: डेटाबेसने तडक नकार दिला, तर आपला निरोप तिथवर पोचलाय, दोष दारापाशी शोधायचा. काहीच उत्तर नाही आलं, तर निरोप वाटेतच अडलाय. "नकार आला म्हणजे पोचलो," बुवा म्हणायचे. "गप्प बसणाऱ्याचं काय करणार? मुलीकडच्यांचंही तसंच असतं."

बुवा खरोखरीचे भजनीबुवा होते. मूळचे मालवणकडचे, राहायला करी रोडला. एरवी डेटाबेस सांभाळायचे आणि सणावाराला डबलबारी गायचे. दोन बुवा समोरासमोर बसतात, एकाने गाण्यातून सवाल टाकायचा, दुसऱ्याने गाण्यातूनच जवाब द्यायचा. सर्व्हरच्या नोंदी, म्हणजे लॉग, वाचतानाही बुवांची बोटं टेबलावर पेटी वाजवत असायची. बाजूच्या टेबलावर बसणाऱ्या माझ्या ते अंगवळणी पडलं होतं.

एका शुक्रवारी संध्याकाळी त्यांची लालबागला बारी होती, आणि समोर त्यांचे गुरू, अण्णा. अण्णांचा आवाज उतरत चालला होता, ही आपली शेवटची बारी असं त्यांनी सांगून टाकलं होतं. बुवा कित्येक वर्षं त्यांच्या मागे बसून कोरस देत आलेले. समोर बसायला पहिल्यांदाच मिळणार होतं, आणि पुन्हा कधीच नाही. आठवडाभर ते नवऱ्यामुलासारखे मिरवत होते.

नेमकं त्याच दुपारी ॲप बंद पडलं. एका रुग्णालयाच्या ओपीडीचे नंबर त्यावर मिळतात. ते सुरू झालं नसतं तर दुसऱ्या दिवशी पहाटेपासून आजारी माणसं फुटपाथवर रांगेत. निघायला उठलेले बुवा परत खुर्चीत बसले.

"तुम्ही जा ना, आम्ही बघतो," मी म्हटलं.

"आजारी माणसांना रांगेत उभं करून अण्णांसमोर कुठल्या तोंडाने बसू?"

डेटाबेस गप्प होता, म्हणजे वाट तपासायची. थोड्या वेळाने उलगडा झाला. सर्व्हर अपडेटनंतर नव्या पत्त्यावर उभा राहिला होता आणि वाटेवरच्या पहारेकऱ्याच्या, म्हणजे फायरवॉलच्या, यादीत अजून जुनाच पत्ता. बुवांनी पत्ता बदलला. ॲपने पुन्हा हाक मारली आणि आता डेटाबेस म्हणाला, जागा नाही.

"बोलला!" बुवांनी टाळी वाजवली. मग त्यांनी मान वळवून आमच्याकडे पाहिलं. "आत कोण कोण आहे?"

सगळ्यांचे हात वर. ऑफिसातून जाणारी वाट वेगळी आणि उघडीच होती, त्यामुळे काय बिघडलंय ते बघायला प्रत्येक जण डेटाबेसात शिरला होता. कुणी तर दोन-दोन खिडक्या उघडून ठेवलेल्या. चाळीत कुणाला चक्कर आली की अख्खा मजला त्याच्या खोलीत जमतो आणि डॉक्टरला शिरायला वाट राहत नाही, तसं आम्ही केलं होतं.

"मी नुसती बघत होते," आमची टेस्टर म्हणाली.

"सगळेच नुसते बघतायत. बाहेर या रे, गावजेवण नाहीये." आम्ही एकेक करून बाहेर पडलो आणि ॲप सुरू झालं. बुवा पोट धरून हसले. मग त्यांचं घड्याळाकडे लक्ष गेलं आणि चेहरा उतरला. बारी केव्हाच सुरू झाली होती. मी त्यांना स्कूटरवर मागे बसवलं आणि निघाले.

आम्ही पोचलो तेव्हा मंडपात अण्णाच गात होते. शेजारच्या बाईंनी सांगितलं, संयोजक घड्याळ दाखवायला आले की म्हातारा आणखी एक गजर धरतो. सामना रद्द करू देत नाही. बुवा लॅपटॉपच्या बॅगेसकट त्यांच्या पायांवर वाकले.

"इलंस?" अण्णांचा आवाज पार फाटला होता. "आता तूच गा. माझो संपलो."

वाट बघण्यात त्यांनी उरलासुरला आवाज खर्चून टाकला होता. बुवांनी बॅग माझ्या हातात दिली आणि पेटी पुढ्यात ओढली.

मग ते गायला लागले, आणि दोन्हीकडून गायले. अण्णांच्या ढंगात सवाल टाकायचा, आपल्या ढंगात जवाब द्यायचा. लोक वेडे झाले होते. अण्णा त्यांच्या शेजारी सरकून बसले होते, टाळ धरत होते, आणि आपल्या नावावर खपवलेला एखादा सवाल फारच सोपा निघाला की बुवांच्या पाठीत हलकेच एक धपाटा घालत होते.