आडव्या बाटलीच्या गावात

साडीच्या घडीत बाटली ठेवली की ती पिशवीत खुळखुळत नाही, हा शोध मी पुण्याहून निघायच्या आदल्या संध्याकाळी लावला आणि स्वतःवरच खूश होऊन झोपलो. शोधात काही चूक नव्हती. ती साडी कोणासाठी घेतली आहे, याचा विचार तेवढा करायचा राहिला.

साडी होती होणाऱ्या विहीणबाईंसाठी. ‘होणाऱ्या’ हा शब्दसुद्धा त्या वेळी भीत भीतच वापरायचा होता. आमच्या ऋतुजानं आपलं लग्न आपणच ठरवलं होतं. मुलगा किरण, मूळचा अकोले तालुक्यातला, राजूरच्याही पुढं डोंगरात त्याचं गाव. पुण्यातल्या एका मोठ्या हॉटेलच्या बारमध्ये तो कॉकटेलं बनवतो. म्हणजे दारूत फळांचे रस, मसाले, बर्फ असं काहीबाही घालून तिला इतकं देखणं करतो, की पिणाऱ्याला आपण पितोय याची लाज वाटू नये. मुलगा आम्हाला पसंत होता. अडलं होतं त्याच्या आईपाशी. तिला मुलाची नोकरी मान्य नव्हती आणि लग्नाला ती हो म्हणत नव्हती, नाही म्हणत नव्हती. “आधी पोरीच्या आई-बापाला बघते,” एवढाच निरोप आला होता.

“बाबा, तिथं जेवा, हसा, पण किरणच्या नोकरीचा विषय काढू नका,” ऋतुजानं मला बजावलं. मंगलला, म्हणजे माझ्या बायकोला, तिनं काहीच बजावलं नाही. आमच्या घरात बजावायचं कोणाला, हे सगळ्यांना माहीत आहे.

बाटलीची कल्पना माझ्या ऑफिसातल्या दिघेची. माझं स्वतःचं मद्यपान म्हणजे पार्टीत इतरांच्या पुढ्यातले शेंगदाणे संपवणं. पण दिघे या विषयातला जाणकार समजला जातो. तो म्हणाला, “तो मोहाच्या दारूचा मुलूख आहे. आई नाराज आहे ना? मग बापाला आपल्या बाजूला घे. चांगली स्कॉच ने आणि हळूच हातात दे. सोयरीक पक्की!” दिघे स्वतः त्या मुलखात कधी गेला होता का, हे मी विचारलं नाही.

मे सरत आला होता. नारायणगाव मागं पडलं, घाट उतरून आम्ही नगर जिल्ह्यात शिरलो. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालंय, पण माझ्या तोंडात अजून नगरच येतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ढाबे आणि परमिट रूम. एका पाटीवर ‘फॅमिलीसाठी स्वतंत्र व्यवस्था’ आणि खाली ‘थंडगार बिअर’ असं एकाच रंगात लिहिलेलं. दुसऱ्या बारचं नाव देवाचं होतं आणि दारात लिंबू-मिरची टांगलेली. संगमनेरच्या अलीकडं एका रसवंतीवर थांबलो. घुंगरं वाजवत चरक फिरत होता. आलं-लिंबू घातलेला रस पिऊन मंगल म्हणाली, “याच्यापुढं कसली आलीत ती कॉकटेलं!” मी पिशवीकडं बघितलं आणि दुसरा ग्लास मागवला.

पुढं कुठल्याशा साखर कारखान्याकडून मळीचा वास आला. काचा वर केल्या तरी तो आत बसूनच राहिला. “दारू यातूनच काढतात ना हो?” मंगलनं विचारलं. “काय की,” मी म्हणालो आणि उगाच हॉर्न वाजवला.

अकोले सोडलं, राजूर सोडलं, आणि हवा बदलली. भातखाचरं उघडी पडली होती, डोंगर वाळलेल्या गवतानं पिवळे. रस्त्याकडेला बायका पानांच्या द्रोणांत करवंदं आणि जांभळं घेऊन बसलेल्या. आमच्या पुढं-मागं पुण्या-मुंबईच्या गाड्याच गाड्या. हे काजव्यांचे दिवस. संध्याकाळपासून झाडं चमकतात ती बघायला लोक येतात, आणि येताना पाण्यापेक्षा दुसरंच जास्त घेऊन येतात, हे मला पुढच्याच वळणावर समजलं.

वळणावर रस्त्यात आडवा बांबू. मोहाच्या झाडाखाली चार-पाच बायका बसलेल्या. एकीच्या गळ्यात शिट्टी. झाडाला पाटी: ‘बाटली इथं ठेवा, काजवे पुढं बघा.’

मी काच अर्धीच खाली केली.

“पिशव्या दावा, भाऊ,” शिट्टीवाल्या बाई खिडकीशी आल्या.

“आम्ही पर्यटक नाही,” मी शक्य तेवढ्या रुबाबात म्हणालो.

“समदे असंच म्हनत्यात.”

माझ्या रुबाबाला मंगलनं जोड दिली. “अहो, दाखवा की! बघा हो ताई, खुशाल बघा. आमच्याकडं तसलं काही नसतं.” आणि तिनं स्वतःच्या हातानं साडीची पिशवी खिडकीबाहेर दिली.

बाईंनी साडी उचलली. साडीच्या मानानं ती जड होती. त्यांनी एक घडी ओढली, दुसरी ओढली, आणि निळ्या इरकली साडीतून माझी स्कॉच उन्हात बाहेर आली. मंगलनं बाटलीकडं बघितलं, मग माझ्याकडं. त्यानंतर ती बोलायचीच थांबली.

“साडी कुनाची हाय ही?” बाईंनी विचारलं.

“किरणच्या आईची. हिराबाईंची.”

“हिराक्काची?” बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. त्यातली एक म्हातारी हसता हसता खालीच बसली. “आगं, जिनं गावाची बाटली आडवी क्येली, तिच्याच लुगड्यात उभी बाटली! मानलं बया पाव्हन्याला!”

मग शिट्टीवाल्या बाईंनी सगळं सांगितलं. गावातलं दारूचं दुकान राहावं की जावं, यासाठी बायकांचं मतदान झालं होतं. तसल्या मतदानाच्या कागदावर दोन चित्रं असतात. उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी म्हणजे बंद. हिराक्का घरोघर फिरल्या, आडवी बाटली जिंकली, दुकान गेलं. पण काजव्यांच्या दिवसांत गाड्या येतात आणि दारू पुन्हा गावात शिरते, म्हणून हा नाका. नाक्याची कल्पनाही हिराक्कांचीच.

झाडाच्या पारावर जप्त बाटल्यांची रांग होती आणि एकूण एक बाटली आडवी झोपवलेली. माझी स्कॉचही तिथं गेली. तिच्या अंगावर खडूनं गाडीचा नंबर आला.

“फोडत नाही तुम्ही?” मी विचारलं.

“कशाला फोडावी? काचा आमच्याच पायात जानार. बाटली तुमची हाय, गाव आमचं हाय. जाताना घिऊन जा.”

बांबू वर झाला. आरशात बघितलं, तर म्हातारीनं मोबाईल कानाला लावला होता. म्हणजे आमच्याआधी आमची कीर्ती पोहोचणार होती. शेजारी मंगल मांडीवर साडीची घडी घालत होती. ती घडी काही नीट बसत नव्हती. मी मनातल्या मनात ऋतुजाला फोन करून बघितला. ‘बाळ, विषय मी काढला नाही. तो आपोआप साडीतून निघाला.’

घर उतरत्या कौलांचं, अंगण सारवलेलं. किरण दारातच उभा होता आणि त्याचा चेहरा बघून कळलं, फोन आला होता. त्याचे वडील, सगळे त्यांना नाना म्हणतात, लगबगीनं पुढं आले. मग आतून हिराक्का आल्या. ठेंगण्या, काटक, कपाळावर मोठं कुंकू. त्यांनी मंगलच्या हाती पाण्याचा तांब्या दिला. “या ताई. दमला आसाल.” मला पाणी दिलं, पण शब्द दिला नाही.

जेवायला नाचणीची भाकरी, हुलग्याचं पिठलं आणि कैरीची चटणी. एरवी असल्या जेवणावर मी दोन पानं लिहिली असती. त्या दिवशी घास घशाखाली उतरवणं एवढंच काम होतं. शेवटी ताटात एक काळसर लाडू आला. खमंग, आणि गोडाच्या मागं कसलासा ओळखीचा वास.

“मव्हाचा हाय,” नाना म्हणाले. मव्ह म्हणजे मोह. त्याची फुलं वाळवून, भाजून, कुटून केलेला लाडू. “पयलं या फुलांची आमी दुसरीच चीज करायचो. देवाच्या कामाला काढायची, बोट बुडवून देवाला शिंपडायची, धरतीला शिंपडायची, मंग मानसांनी. फुडं देव ऱ्हायला बाजूला अन् शिंपडनंबी ऱ्हायलं. नुसती मानसंच पीत बसली. त्यात मी सगळ्यात फुडं.” त्यांनी बायकोकडं चोरून बघितलं. “गावातली पयली बाटली आडवी झाली ती या घरात. मतदान मागनं झालं.”

मी हसलो. एकटाच हसलो, म्हणून लगेच थांबलो.

हिराक्कांनी ताटं बाजूला केली आणि समोर बसल्या.

“भाऊ, ती बाटली कुनासाठी आनली हुती?”

दिघेचं नाव जिभेवर आलं होतं. पण दिघे तिथं नव्हता, मी होतो. “नानांसाठी,” मी म्हणालो.

“माझ्यासाठी?” नानांच्या डोळ्यांत क्षणभर काहीतरी चमकलं. हिराक्कांनी बघितल्यावर ते विझलं.

“पोराचं काम काय हाय, ठावं हाय ना तुमाला?”

विषय निघाला होता. किरणनं मान खाली घातली. “हो, माहीत आहे,” मी म्हणालो.

“मंग चारचौघांत सांगताना लाज न्हाई वाटत? जावई बारात दारू वततो म्हनून?”

“नाही वाटत. मी ऑफिसात सगळ्यांना सांगून बसलोय. सांगायला नको होतं बहुतेक, कारण त्यातूनच तर ही बाटली...”

आणि नाक्यापासून गप्प असलेली मंगल बोलली. माझ्याशी नाही, हिराक्कांशी.

“ताई, मी त्याच्या हॉटेलात जाऊन आले आहे.”

ही बातमी मलाही नवी होती.

“ऋतुजाला घेऊन गेले. म्हटलं, मुलगी द्यायची तर माणूस कामावर कसा असतो ते बघावं. कोपऱ्यात बसून लिंबू सरबत प्यायले. एक चांगल्या घरातला माणूस आला होता, आधीच झिंगलेला. आणखी मागत होता. यानं दिली नाही. तो ओरडला, मॅनेजरला बोलाव म्हणाला. याचा आवाज चढला नाही. ‘साहेब, आज एवढंच,’ म्हणाला, पाणी पाजलं आणि हात धरून रिक्षात बसवून आला. रिक्षावाल्याला पत्ता दोनदा समजावून सांगितला. मी त्याच दिवशी घरी येऊन हो म्हणून टाकलं.”

हिराक्का मुलाकडं वळल्या. “दिली न्हाईस?”

“न्हाई, आये.”

“मागनं नोकरीवर आलं आसतं तर?”

“आलं आसतं तर आलं आसतं.”

त्यांनी पदरानं डोळे टिपले, आणि टिपताना कोणी बघत नाही ना, हेही बघून घेतलं. मग माझ्याकडं वळल्या. “भाऊ, खरं सांगू? मला वाटलं तुमी मोडायला आलाय. लोकं म्हनली, शेरातली मानसं, बारवाल्याला पोरगी देत न्हाईत. मी आपलं आधीच तोंड मिटून बसले. मोडलं तर निदान आपून हो म्हनलो न्हवतो, आसं व्हावं. पर नाक्यावरनं फोन आला अन् मला लई हसू आलं. मोडायला येनारा काय बाटली घिऊन येतो व्हय?”

मी बाजूला ठेवलेल्या ताटातला माझा लाडू उचलला आणि पहिल्यांदा त्याची चव घेतली.

“आता करून दाव,” हिराक्का मुलाला म्हणाल्या. “काय करतोस त्ये. बिनदारूचं.”

किरण उठला. त्यानं करवंदं कुस्करून गाळली, भाजलेल्या कैरीचा गर घेतला, गूळ, सैंधव, पुदिना. माठातलं गार पाणी. सगळं तांब्यात ओतलं, वर पितळी पेला उलटा दाबला आणि तांब्या खांद्याजवळ नेऊन असा काही हलवायला लागला, की नाक्यावरनं परतलेल्या बायका अंगणात उभ्या राहून बघत राहिल्या. जांभळट, आंबट, खारट आणि मागून गोड. नानांनी बोट बुडवून आधी जमिनीवर दोन थेंब शिंपडले. जुनी सवय. या वेळी हिराक्का काही बोलल्या नाहीत.

नाक्यावरची म्हातारी वरच्या ओठाला लागलेला फेस पुसत म्हणाली, “आयला, हे उभ्या बाटलीचं आसतं तर मी आडवीला मत दिलं नसतं!”

हिराक्कांची एकच अट पडली. लग्न गावातच, आणि पाहुण्यांना हेच प्यायला मिळणार. “नवरदेवानंच ओतायचं?” मी विचारलं. “कामाला कसली लाज?” त्या म्हणाल्या. मंगलनं विसकटलेल्या घडीची साडी त्यांच्या हाती दिली. त्यांनी ती तशीच खांद्यावर टाकून आरशात बघितली.

उन्हं कलल्यावर निघालो. जाताना गावाचं नाव कुठं लिहू नका, अशी मला तंबी मिळाली आहे, गाड्या आणखी वाढतात म्हणून. त्यामुळं ते इथं लिहिलेलं नाही. नाक्यावर शिट्टीवाल्या बाईंनी माझी बाटली परत दिली. मागच्या सीटवर ती आपसूक आडवीच ठेवली गेली.

राजूर गेलं, अकोले गेलं. ऋतुजाला फोन झाला, ती रडली आणि हसली. मळीचा वास परत आला, आता तो इतका वाईट वाटला नाही. मंगल मात्र माझ्याशी अजून एक शब्द बोलली नव्हती. सगळं निभावलंय म्हणून मी तेही आनंदानं सहन करत होतो. संगमनेरच्या त्याच रसवंतीवर ग्लास हातात घेऊन ती शेवटी बोलली.

“दिघ्यांना लग्नाला नक्की बोलवा हं.”

“दिघेला?” मी चरकलो. “बाटलीचं तुला कसं...”

“तुमच्या डोक्यात आपणहून एवढं येत नाही. बोलवा त्यांना. त्या दिवशी विहीणबाईंनी मला नाक्यावर बसायला बोलावलंय. पहिली पिशवी मी त्यांचीच उघडणार आहे.”