पिशवीसोबत काय गेलं

ताई रोवणीच्या दिवसांत गेली. सकाळी बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, उतरली, दुपारी बांधावर बसली, आणि तिच्या गावाहून, करडीहून, भंडाऱ्याला आणताना गाडीत तिचा श्वास थांबला.

त्याआधी काही दिवस तिची पाठ दुखत होती. रोवणीत पाठ कुणाची दुखत नाही? दिवसभर कमरेत वाकून, चिखलात पाय रोवून, एकेक रोप लावत मागे सरकायचं. संध्याकाळी गावातल्या घराघरांतून लसूण घालून कढवलेल्या तेलाचा वास येतो. बाया एकमेकींच्या पाठी चोळतात आणि सकाळी पुन्हा बांधीत उतरतात. ताईची पाठ तिची मुलगी चोळत होती. ती माहेरच्या रोवणीसाठी सासरहून आली होती. ताईचा जबडाही दुखत होता, तो किडक्या दाढेच्या नावावर गेला. बांध चढताना तिला दम लागत होता, तो वयाच्या नावावर गेला.

मी तिला फोनवर म्हणाले होते, "ताई, एकदा डॉक्टरले दाखव ना."

"रोवणी होऊ दे वं," ती म्हणाली. "पाठ रोवणीत दुखणार नाई तं का दिवाळीत दुखन? तुझं बरं हाये. एक पुस्तक उचललं का हात भरून येते तुझा."

मी भंडाऱ्यात एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. आमच्या घरात अशक्त मी होते. लहानपणी ताप मला यायचा, चक्कर मला यायची. ताई धानाचं पोतं एकटीनं पाठीवर घ्यायची. पहिली कोण जाणार याचा विचार कुणी केला असता तर सगळ्यांनी माझं नाव घेतलं असतं. मीही घेतलं असतं.

दवाखान्यात हृदयविकाराचा झटका असं सांगितलं; पाठ आणि जबडाही त्यानंच दुखत असणार, म्हणाले. तेरवीला आलेल्या बाया म्हणाल्या, तिला कुठलं दुखणं होतं? सोळा-सतरा वर्षांपूर्वीच तर पिशवी काढून मोकळी झाली होती.

ते खरं होतं. ताई छत्तीस वर्षांची होती तेव्हा तिला अंगावरून जास्त जायचं. उन्हाळ्यात, शेतीची कामं नसताना, त्यांच्या गल्लीतल्या बाया एकाच जीपनं शहरात जाऊन गर्भपिशवीचं ऑपरेशन करून येत. एकीनं केलं की दुसरीला धीर यायचा. रोवणीत पाळी म्हणजे हाल. गुडघाभर पाण्यात उभं राहायचं, आडोसा कुठेच नाही, आणि त्या दिवसांत देवाजवळही जायचं नाही. ऑपरेशन झालेली बाई या सगळ्यातून सुटायची. ताई पण त्या जीपमध्ये बसली. पिशवीच्या दोन्ही बाजूंना अंडाशयं असतात, ती चांगली आहेत, असं डॉक्टर म्हणाले होते. ताईच म्हणाली, "काढाचंच हाये तं सगळंच काढून टाका. मांगं कॅन्सरची भीती कायले ठेवाची?" आणि त्यांनी सगळंच काढलं.

घरी आल्यावर ती खूश होती. महिनाभर तिला कुणी पाणी भरू दिलं नाही. नवरात्रात ती नऊही दिवस देवीसमोर दिवा लावू लागली. गावात कुणाकडे पूजा असली की तिला बोलावणं यायचं, कारण तिला कुठलाच दिवस अडत नव्हता. त्याच वर्षी तिला रात्री घाम सुटायला लागला, झोप मोडायला लागली. अंगातली गर्मी निघून राहिली, असं ती म्हणायची. मी तेव्हा एवढी पुस्तकं हाताळत होते, पण अंडाशय मूल होण्यापलीकडे आणखी काय करतं हे माझ्या वाचनात कधी आलं नव्हतं.

ते मला पुढच्या उन्हाळ्यात कळलं.

भाची, ताईची ती मुलगी, आंबागडच्या बाजूला दिली आहे. ताईच्या वर्षश्राद्धाला अजून अवकाश होता, तेव्हा तिचा फोन आला. तिला गर्भपिशवीत गाठी झाल्या होत्या, अंगावरून फार जात होतं, आणि तिच्या सासूनं गावातल्या बायांबरोबर तिचं जाणं ठरवून टाकलं होतं. "मामीजी म्हणतेत, रोवणीच्या आंधी करून घे," ती म्हणाली. सासूला ती मामीजी म्हणते. "अन् मायसारखं सगळंच काढून घे म्हणतेत. मावशी, तू येशील का?"

मायसारखं, या शब्दावर मी थांबले. मी तिला म्हटलं, आधी भंडाऱ्याला ये. सासूलाही घेऊन ये.

दोघी आल्या. सासूबाई बसमधून उतरल्या त्या बोलतच. माझ्या ओळखीच्या एका स्त्रीरोगतज्ज्ञ बाई होत्या, त्यांच्याकडे आम्ही गेलो. बाकावर जागा मिळताच सासूबाई म्हणाल्या, "दोन पोट्टे झाले. आता थे पिशवी का लोनचं घालाले ठेवाची?" शेजारची बाई पदर तोंडाला लावून हसली. भाची हसली नाही.

डॉक्टरबाईंनी तपासलं, सोनोग्राफी पाहिली. आधी गोळ्यांनी पाहू, म्हणाल्या. त्यानं थांबलं नाही तर पिशवी काढू, पण अंडाशयं चांगली आहेत, ती ठेवू.

"आता नाई तं मंग परत पोट फाडाचं का?" सासूबाई म्हणाल्या. "एकाच वेळेस साफ करून टाका नं, बाई."

डॉक्टरबाई चिडल्या नाहीत. त्यांनी हे शेकडो वेळा ऐकलं असणार. त्या म्हणाल्या, अंडाशयातून इस्ट्रोजेन नावाचं संप्रेरक रक्तात जातं. ते रक्तवाहिन्या लवचिक ठेवायला मदत करतं, वाईट चरबी वाढू देत नाही. पाळी आपोआप जाते तेव्हाही ते कमी होतं, आणि त्यानंतर बाईच्या हृदयाचा धोका वाढतो. ते पस्तिशीतच एका दिवसात काढून टाकलं तर तो धोका बराच आधी सुरू होतो. हाडंही ठिसूळ होतात. घराण्यात अंडाशयाच्या कॅन्सरचा इतिहास असला तर गोष्ट वेगळी.

मी विचारलं, "माझ्या ताईची ठेवली असती तर?"

"सांगता येत नाही," त्या म्हणाल्या. "त्यांना बीपी होतं?"

"मोजलं नव्हतं कधी."

"शुगर?"

मी नकारार्थी मान हलवली. एवढ्या कमी वयात अंडाशयं काढल्यावर, काही अडचण नसेल तर, पाळी एरवी जाते त्या वयापर्यंत बहुतेकदा संप्रेरकाची औषधं देतात, असं त्या म्हणाल्या. ताईला कुणी दिली नव्हती. दिली असती तर ती वाचलीच असती, असं मात्र त्या म्हणाल्या नाहीत. मला कारण हवं होतं, आणि मिळाली ती शक्यता. माझी पाळी एक्कावन्नाव्या वर्षी गेली. एकाच आईच्या आम्ही दोघी. पंधराएक वर्षं माझ्या रक्तात जे वाहत होतं ते तिच्या रक्तात नव्हतं. मला आता गोळ्या घेऊन उपयोग आहे का, असंही मी विचारलं. केवळ हृदयासाठी देत नाहीत, उशिरा सुरू केल्या तर अपायही होऊ शकतो, त्या म्हणाल्या. चालत जा, बीपी बघत जा.

बाहेर आल्यावर सासूबाईंनी पुन्हा सुरू केलं. "डॉक्टर लोक असेच रायतेत. गावातल्या इतक्या बायांनी काढली, त्या का मेल्या?"

भाची म्हणाली, "मायची पाठ मी चोळत होती, मामीजी. रोज. माह्या हातानं. मले वाटे, रोवणीची हाये."

सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं. मग पिशवीतून बाटली काढून तिला दिली. "पी पानी," त्या म्हणाल्या. बस लागली तेव्हा म्हणाल्या, "अन् रोवणी कोन करन मंग यंदा? मीच उतरतो म्हना बांधीत, या वयात."

त्या खरंच बांधीत उतरल्या. भाचीनं घरचा स्वयंपाक सांभाळला. गोळ्यांनी थोडं थांबलं, पुरतं नाही. धान निघाल्यावर तिची पिशवी काढावी लागली. ऑपरेशनच्या आधी तिनं डॉक्टरबाईंना पुन्हा एकदा विचारून घेतलं, मी ऐकत असताना.

करडीची बांधी भाऊजींनी दुसऱ्याला करायला दिली आहे. ताईच्या वयाच्या बाया तिथे वाकलेल्या दिसतात, बऱ्याच जणींची ऑपरेशनं झालेली आहेत. मी गेले की बीपीचं यंत्र सोबत नेते. काही जणी हात पुढे करतात, काही हसून टाळतात. मी आग्रह करत नाही, तेवढी ताकद आता नाही.

ताई नाही. भाची आहे, आणि तिची दोन्ही अंडाशयं जागेवर आहेत.