कुंदाचं हायड्रोजेल आणि माझा भरोसा

मिलिंदचा फोन आला तेव्हा मी अंगणात कुंदाला पाठवायची संत्री निवडत बसले होते. आंबट तिला चालत नव्हतं, म्हणून एकेक फळ हातात तोलून टोपलीत टाकत होते. मिलिंद तिचा धाकटा भाऊ. "प्रभाताई, ताई गेली," एवढंच तो म्हणाला. मी विचारलं, "कुठं गेली?" ...खरंच विचारलं तसं. बरी होत असलेल्या माणसाबद्दल दुसरं काय विचारणार? त्याला आता काही आठवडे झाले. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच लिहावं म्हणतात. चांगली होतीच ती. पण मला तिचा राग आला आहे, आणि तो गिळून गोड गोड लिहिणं माझ्याच्यानं होणार नाही.

कुंदा लोधीखेड्याची, मी मोहगावची. सौंसरच्या शाळेत एका बाकावर बसलो तेव्हापासूनची आमची संगत. मी संत्र्याच्या बागायतदाराच्या घरातली, बागेतच राहिले. ती शिकत गेली, नागपूरच्या कॉलेजात औषधशास्त्र शिकवू लागली आणि तिथल्या प्रयोगशाळेत या हायड्रोजेलच्या मागे लागली. लग्न केलं नाही. कोणी विचारलं तर म्हणायची, "टाइमच नाई भेटला बाप्पा." हायड्रोजेल म्हणजे काय ते तिनं मला माझ्याच स्वयंपाकघरात समजावलं. वाटीत सब्जा भिजवला होता. ते फुगलेलं बी बोटावर घेऊन म्हणाली, "हे पाय, याच्याभोवती पाणी कसं धरून ठेवलं यानं? तसंच आपण पाण्यासंगं दवाई धरून ठेवाची. गोळी खाल्ली का साऱ्या अंगात फिरते, नाई तिथं बी त्रास देते. हे जिथं दुखते तिथंच ठेवाचं. मंग थोडी थोडी दवाई सुटत राहते." मी म्हटलं, "आन् तोवर माणसानं काय कराचं?" "भरोसा ठेवाचा," ती म्हणाली, आणि सब्जा खाऊन टाकला.

तिच्या या विद्येनं आमच्या बागेचा एकदा चांगलाच बट्ट्याबोळ केला. शेतीसाठीही असे पाणी धरून ठेवणारे दाणे मिळतात. ते तिनं हौसेनं आणले आणि माझ्या वडिलांच्या मागे लागून विहिरीकडच्या झाडांच्या मुळांशी पुरले. आता आंबिया बहाराला, म्हणजे उन्हाळ्याच्या तोंडच्या फुलोऱ्यासाठी, आम्ही झाडाला ताण देतो, म्हणजे पाणी तोडतो. पानं मलूल झाली की मग पाणी सोडायचं, की झाड फुलानं भरून जातं. हे इथलं शेंबडं पोरही जाणतं. कुंदा लहानपणापासून आमच्या बागेत खेळलेली, पण दाण्यांच्या नादात विसरली आणि वडीलही तिच्या कौतुकात विसरले. आम्ही पाणी तोडलं, पण मुळाशी ओल तशीच. बाकी सगळी बाग घमघमली आणि विहिरीकडची झाडं नुसती हिरवीगार, फूल म्हणून नाही! कुंदा नागपूरहून धावत आली आणि सगळ्या घरासमोर म्हणाली, "काकाजी, चूक माही हाय. कोणाले बोलू नका." वडील हसले. "पोरी, तू त्यायले तहानच नाई लागू देल्ली, मंग फुलतीन कायले?" तेव्हापासून मी धरून चालले होते की ही बाई आपल्याशी कधी खोटं बोलणार नाही.

मग तिच्या पोटात गाठ निघाली. मुंबईला दाखवून आली आणि तिचा फोन आला. आवाज असा की लॉटरी लागली! "प्रभे, माह्या पोटात माहीच विद्या बसवली पाय त्यायनं. गाठीजवळ हायड्रोजेल सोडलं, दवाईवालं." मी देवासमोर साखर ठेवली. "मी उद्याच येतो," म्हटलं. "येऊ नोको वं. इन्फेक्शनची भीती हाय. काही महिने कोणालेच नाई भेटाचं, डॉक्टरनं सांगतलं." मी ऐकलं. सौंसरहून नागपूरला दिवसभर बसगाड्या जातात आणि मी एकीतही चढले नाही. दर रविवारी फोन करायचे. "काई फरक वाटून राहिला का?" "हळूहळूच वाटन ना. एकदम असर झाला तर ते हायड्रोजेल कायचं?" पटायचंच मला ते! तिचा आवाज बारीक होत गेला तरी मी घरात सांगत होते, दवाई सुटून राहिली, थकवा तर येणारच.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी नागपूरला तिच्या घरी गेले. बुद्धवंदना झाली, जेवणं झाली, आणि मी मिलिंदला विचारलं की त्या हायड्रोजेलनं दगा कसा दिला.  तो म्हणाला, "प्रभाताई, ते बसवलंच नव्हतं. बीमारी पसरली होती. ते एका जागचं काम, डॉक्टरनं पहिल्याच दिवशी नाही म्हटलं." घरातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. शेजारणीलासुद्धा! "मंग मलेच कायले नाई सांगतलं?" "तिनं वचन घेतलं होतं आमच्याकडून. म्हणे, जो येते तो मले पाहून रडते. प्रभाच्या घरी तरी मी बरी होऊन राहिली, तिथं होऊ द्या."

वा गं वा! आणि माझं काय? तिचा हात हातात घ्यायचा होता मला. भांडायचं होतं, रडायचं होतं, तिची वेणी घालायची होती. ते सगळं तिनं परस्पर ठरवून टाकलं, आणि माझ्या अडाणीपणावर तिचीच शिकवण पांघरवली. असर दिसत नाही म्हणजे काम चाललं आहे... असं खोटं फक्त तिलाच जमणार होतं.

मिलिंदनं मला तिची खोली दाखवली. पलंगाजवळ हातांची एक लाकडी खुर्ची, पाठीला उशी बांधलेली. "रविवारी तुमचा फोन यायच्या आधी तिले इथं उठवून बसवा लागे," तो म्हणाला. "दोघं जण लागत. लई दुखे तिले. मी म्हणो, पडूनच बोल ना, फोनवर कोण पाहून राहिलं? तर म्हणे, पडल्या पडल्या बोललं का आवाज बीमार येते, प्रभा ओळखन."

तो बाहेर गेला. मी त्या खुर्चीत बसले. रडू येईल वाटलं होतं, पण तोंडातून भांडणच निघालं, चांगलं मोठ्यानं, बाहेरच्या पाहुण्यांना ऐकू जाईल असं.

"खोटारडे! मी आली असती तर तुले उठून बसा नसतं लागलं वं... पडल्या पडल्या बोलली असती माह्याशी."